ओहमचा नियम पाठ, पण कूलरचा प्लग कोण काढणार? शाळेतल्या जीवनकौशल्यांची गोष्ट

विदर्भात उन्हाळा लागला की घरोघरी कूलर बाहेर निघतात. पाठोपाठ कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्याही येतात. महावितरण दर उन्हाळ्यात त्याच सूचना देतं: पाणी भरण्याआधी कूलर बंद करा, प्लग काढा, अर्थिंग तपासून घ्या. तरीही बातम्या थांबत नाहीत.

कूलरमध्ये पाणी भरायचं काम बऱ्याच घरांत शाळकरी मुलांकडे असतं. हीच मुलं नववीच्या विज्ञानात ओहमचा नियम शिकतात, त्यावरची गणितं सोडवतात आणि मार्कही मिळवतात. पण तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन कशासाठी असते, हे अनेकांना कोणी दाखवलेलं नसतं.

हे नागपूर शहरात घडतं तसंच खाप्यातही घडतं. खापा हे सावनेर तालुक्यातलं, कन्हान नदीकाठचं नगरपरिषदेचं गाव. हातमागाची जुनी परंपरा, शेजारी मॉइलची गुमगाव मँगनीज खाण आणि आजूबाजूला कापूस-संत्र्याचा पट्टा. शिकण्यासारखं इतकं काही अवतीभवती असूनही दहावी झालेल्या मुलाला बँकेचा फॉर्म भरताना शेजारच्या दादाची वाट बघावी लागत असेल, तर अडतं कुठे?

'शाळेत जीवनकौशल्यं शिकवा' असं सोशल मीडियावर रोज कोणी ना कोणी म्हणतं. पण जीवनकौशल्यं म्हणजे काय, महाराष्ट्रात याआधी काय प्रयत्न झाले, ते का थंडावले आणि खाप्यासारख्या गावातली शाळा काय करू शकते, हे क्रमाने पाहू.

जीवनकौशल्यं म्हणजे नेमकं काय?

या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची अनेकदा सरमिसळ होते.

पहिली गोष्ट मनाच्या आणि वागण्याच्या कौशल्यांची. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा मूलभूत जीवनकौशल्यं मांडली. निर्णय घेणं, समस्या सोडवणं, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, परिणामकारक संवाद, नाती जपणं, स्वतःची ओळख, दुसऱ्याचं दुःख समजून घेणं, भावना हाताळणं आणि ताण हाताळणं, अशी ही यादी आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात 'जीवनकौशल्ये' म्हटलं की सहसा हीच यादी समोर येते.

दुसरी गोष्ट हातांच्या आणि व्यवहाराच्या कौशल्यांची. स्वयंपाक, शिवण, प्लग बदलणं, प्रथमोपचार, पोहणं, बँकेचे व्यवहार, अर्ज लिहिणं, वीजबिल वाचणं, ऑनलाइन फसवणूक ओळखणं. पालक जीवनकौशल्यांबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा ही यादी असते.

या दोन याद्या एकमेकींपासून तोडता येत नाहीत. चार मुलांनी मिळून वीस जणांसाठी खिचडी करायची ठरवली, तर किती तांदूळ लागेल हा हिशोब आला, कोणी काय करायचं ही वाटणी आली, खिचडी खाली लागली तर काय करायचं हा निर्णय आला आणि चूक कोणाची यावरून होणारं भांडण मिटवणंही आलं. 'सहकार्याचे महत्त्व' या विषयावर निबंध लिहून यातलं फारसं हाती लागत नाही.

पुस्तकात काय आहे? अपेक्षेपेक्षा बरंच

'शाळेत टॅक्स शिकवत नाहीत, पैशांचं काही शिकवत नाहीत' अशी तक्रार नेहमी होते. राज्य मंडळाच्या पुस्तकांपुरती ती पूर्ण खरी नाही.

सातवीच्या गणितात बँक आणि सरळव्याज आहे, आठवीत चक्रवाढव्याज आहे. नववीच्या गणितात आर्थिक नियोजनाचं प्रकरण आहे आणि त्यात आयकराची आकारणी येते. दहावीच्या 'अर्थनियोजन' प्रकरणात जीएसटी, शेअर आणि म्युच्युअल फंड, एसआयपीसुद्धा आहे. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'सामाजिक आरोग्य' आणि 'आपत्ती व्यवस्थापन' ही प्रकरणं आहेत. मराठीत उपयोजित लेखनाखाली पत्रलेखन आहे. नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा स्वतंत्र विषय आहे, लहान वर्गांना 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक आहे आणि कार्यानुभव तर वेळापत्रकात कित्येक वर्षांपासून आहे.

म्हणजे माहिती बरीचशी पुस्तकात आहे. ती हातात उतरत नाही.

जीएसटीचं उदाहरण सोडवलेल्या मुलाने दुकानातलं खरं बिल हातात धरून सीजीएसटी आणि एसजीएसटीचे रकाने शोधलेले नसतात. पत्रलेखनात पाच गुण मिळवलेल्या मुलीने खरा अर्ज नगरपरिषदेत नेऊन त्यावर पोच घेतलेली नसते. प्रथमोपचाराचं उत्तर लिहिता येतं, पण मोकळा हात गळ्यात बांधायची झोळी बांधता येत नाही. सायकल चालवण्याचे नियम पाठ करून सायकल येत नाही, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे नवा विषय आणि नवं पुस्तक आणून प्रश्न सुटेल असं नाही. जे शिकवतो आहोत ते करून बघायला वेळ, जागा आणि माणूस मिळणं जास्त गरजेचं आहे.

ही कल्पना परदेशातून आलेली नाही

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षणात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडेही असावेत, अशी मागणी त्यांनी त्यात केली होती. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेतून जे मिळेल ते त्याच्या जगण्यात उपयोगी पडावं, हा त्यामागचा विचार होता.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. संस्थेच्या वसतिगृहांत वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतःची कामं स्वतः करत. 'कमवा आणि शिका' ही योजना याच परंपरेतली.

आणि खाप्याच्या माणसाला सगळ्यात जवळचं उदाहरण तर शेजारच्या वर्धा जिल्ह्यातलं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलांना सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळावं, ते मातृभाषेतून असावं आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं असावं, असं तिथे ठरलं. अभ्यासक्रम आखायला डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हेच झाकिर हुसेन पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्राममध्ये आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने 'नई तालीम' प्रत्यक्षात उतरवली.

नई तालीम म्हणजे मुलांना सूत कातायला बसवणं, असा सरधोपट समज आहे. मूळ कल्पना वेगळी होती. सूत कातताना कापूस कुठून आला हा भूगोल, धागा किती लांब झाला हे गणित, चरखा फिरतो कसा हे विज्ञान आणि कापडाचा व्यापार कोणी बळकावला हा इतिहास. काम हे शिकण्याचं निमित्त होतं. सेवाग्राममध्ये २००५ पासून 'आनंद निकेतन' ही शाळा याच विचारावर चालते. तिथली मुलं शेती, स्वयंपाक, सूतकताई आणि सफाई करता करता विषय शिकतात.

मग गाडी अडली कुठे?

स्वातंत्र्यानंतर ही कल्पना नावं बदलत राहिली. कोठारी आयोगाने (१९६४ ते १९६६) कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असं नाव सुचवलं. महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांना कार्यानुभव आठवतो तो मात्र खडूच्या तुकड्यांचे पुतळे, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर आणि घरच्यांनी करून दिलेलं तोरण म्हणून.

असं होण्याची तीन ठळक कारणं दिसतात.

पहिलं कारण गुणांचं. ज्याची श्रेणी टक्केवारीत धरली जात नाही, त्या विषयाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला जातो. शिक्षकही हतबल असतात, कारण निकाल विचारला जातो तो दहावीचा.

दुसरं कारण साधनांचं. अवजारं, कच्चा माल, शिकवणारा कारागीर यांना पैसे लागतात. ते नसले की कार्डशीट आणि डिंकावर भागवावं लागतं.

तिसरं कारण खोलवरचं आहे, ते म्हणजे हाताच्या कामाकडे बघण्याची नजर. 'आम्ही जन्मभर माग ओढला, पोरानं तरी खुर्चीवर बसावं' असं म्हणणाऱ्या बापाचं चुकत नाही. ज्या समाजात हाताचं काम जातीला चिकटलेलं होतं आणि त्याला ना पैसा मिळाला ना मान, तिथे शाळेत झाडू किंवा कुदळ दिसली की पालकांच्या मनात शंका येणारच.

पाबळचा प्रयोग: काम खरं, हिशोबही खरा

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी सोडून आलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेली, शाळा सोडलेली मुलं हाताने काम करायला लागली की झपाट्याने शिकतात, हे त्यांना दाखवायचं होतं.

इथून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, शाळा सुटलेल्या तरुणांसाठी वर्षभराचा निवासी ग्रामीण तंत्रज्ञान पदविका अभ्यासक्रम. दुसरी, माध्यमिक शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' म्हणजे आयबीटी. यात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला साधारण एक दिवस चार क्षेत्रांत काम करतात:

- अभियांत्रिकी: मोजमाप, सुतारकाम, वेल्डिंग, बांधकाम
- ऊर्जा आणि पर्यावरण: वायरिंग, सौर उपकरणं, पाण्याचं मोजमाप
- शेती आणि पशुपालन: माती परीक्षण, रोपवाटिका, जनावरांची निगा
- गृह आणि आरोग्य: खाद्यपदार्थ, शिवण, रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासणी

आइस्क्रीमच्या काड्यांच्या घरापेक्षा हे तीन बाबतींत वेगळं आहे. इथलं काम खरं असतं: शाळेचा बाक दुरुस्त होतो, गावातल्या कोणाची वायरिंग होते. शिकवायला गावातले कारागीरही येतात. आणि प्रत्येक कामाचा खर्च काढावा लागतो, सामान किती लागलं, मजुरी किती, किंमत किती लावायची. बाक डुगडुगला तर लाल शेरा मारावा लागत नाही, तो बसणाऱ्याला लगेच कळतो.

मुलींनी वेल्डिंग करायचं आणि मुलांनी चिक्की करायची, हेही इथे ओघानेच येतं. चारही क्षेत्रं सगळ्यांना सारखी.

नवं धोरण काय म्हणतं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, असं म्हटलं आहे. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन काम शिकावं, ही अपेक्षा आहे. २०२३ च्या शालेय राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कामाचे तीन प्रकार केले आहेत: सजीवांसोबतचं काम, यंत्रं आणि साहित्यासोबतचं काम आणि माणसांच्या सेवेचं काम. महाराष्ट्रात २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम जाहीर झाला.

कागदावर हे चांगलंच आहे. पण शनिवार फक्त नाच-गाण्यात आणि दहा दिवस फक्त सहलीत गेले, तर कार्यानुभवाचं जे झालं तेच पुन्हा होईल. दहा दिवसांनंतर मुलाला आधी न येणारी कोणती गोष्ट एकट्याने करता येते, एवढं विचारलं तरी उपक्रमाचा कस लागतो.

बाहेरच्या देशांत कसं चालतं?

जपानमध्ये पाचवी-सहावीपासून गृहविज्ञान हा सगळ्यांचा विषय आहे. भात शिजवणं, बटण लावणं, खर्चाचा हिशोब ठेवणं मुलं आणि मुली बरोबरीने शिकतात. वरच्या वर्गांत हा विषय आधी प्रामुख्याने मुलींचा होता. १९९३ आणि १९९४ मध्ये तो मुलांनाही सक्तीचा झाला. वर्गाची सफाई विद्यार्थी स्वतः करतात, हे तर सोशल मीडियावरच्या व्हिडिओंमुळे सगळ्यांना माहीत आहे.

फिनलंडमध्ये १८६६ पासून हस्तकला शालेय शिक्षणाचा भाग आहे आणि सातवीला गृहअर्थशास्त्र सगळ्यांना आहे. दोन्ही देशांत हे विषय वेळापत्रकात पक्के आहेत आणि त्यांना प्रशिक्षित शिक्षक आहेत. 'वेळ उरला तर करू' अशी त्यांची गत नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरं

*'हे तर घरी शिकवायचं काम आहे.'* घर शिकवतंच, पण सारखं शिकवत नाही. मुलीला पोळ्या येतात, बँकेत तिला कोणी पाठवत नाही. मुलाला गाडी येते, स्वतःच्या ताटापुरता भात येत नाही. ज्या घरात कोणीच कॉलेजात गेलेलं नाही, तिथे उत्पन्नाचा दाखला वेळेत काढायला हवा हे सांगणार कोण? घराघरातला हा फरक भरून काढण्याची जागा शाळाच आहे.

*'अभ्यासाचा वेळ जाईल.'* वेळ जातो हे खरं. पण बाक बनवताना केलेलं मोजमाप हे गणितच आहे आणि दुकानाचं बिल तपासणं हा अर्थनियोजनाचाच सराव. प्रश्न वेळ कापण्यापेक्षा तोच धडा वेगळ्या पद्धतीने घेण्याचा आहे.

*'गरिबांच्या मुलांना मजूर बनवायचा हा डाव आहे.'* हा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि त्याला इतिहास आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. ही तर जात पुढच्या पिढीवर लादणं झालं, असं म्हणत तिला प्रचंड विरोध झाला. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेतली गेली.

यातून एक साधा नियम निघतो: प्रत्येक मुलाने सगळी कामं शिकायची. विणकराच्या मुलाला माग आणि दुकानदाराच्या मुलाला हिशोब अशी वाटणी झाली, तर ते जीवनकौशल्य राहत नाही. वकिलाच्या मुलीने मागावर बसावं आणि विणकराच्या मुलाने बँक व्यवस्थापकाला प्रश्न विचारावेत. आणि मुलांच्या कामातून शाळेने किंवा कारागिराने कमाई करायची नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवणं कायद्याने गुन्हा आहे.

खाप्यात हे कसं दिसेल?

खाप्यासारख्या गावात यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. शिकवणाऱ्या जागा चालत जाण्याच्या अंतरावर असतात.

माग. हातमागावर ताणा म्हणजे उभे धागे आणि बाणा म्हणजे आडवे. एका इंचात किती धागे, लुगड्याच्या रुंदीला एकूण किती, काठाला वेगळा रंग कुठून सुरू करायचा, हे सगळं गुणाकार आणि प्रमाणाचं गणित आहे. जाणत्या विणकराला मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलावलं, तर मुलांना गणित कळेल आणि त्या हाताला शाळेत मानाची जागाही मिळेल.

नदी. कन्हानकाठच्या मुलांना पाण्याचे नियम माहीत असायलाच हवेत. ओळखीच्या डोहातही पावसाळ्यानंतर खोली बदलते. कोणी बुडत असेल तर पोहता येणाऱ्यानेही एकदम उडी मारायची नाही, कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच खाली ओढतो. आधी आरडाओरड करून माणसं जमवायची, मग दोर, बांबू, ओढणी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकायचा. हे शाळेच्या मैदानावर दोर फेकून सरावाने शिकवता येतं.

खाण. मुलांना खाणीत न्यायची गरज नाही, तिथे अल्पवयीनांना काम करायलाही बंदी आहे. पण खाणीतला सुरक्षेचा जाणकार शाळेत येऊन हेल्मेट, हजेरी, धोक्याची सूचना, गट मोजून आत-बाहेर जाणं यामागची कारणं सांगू शकतो. मँगनीज पोलाद बनवायला लागतं, हे भूगोलात वाचलेलं वाक्यही मग ओळखीचं वाटतं.

बँक आणि कार्यालयं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांवरच्या मुलांना, बँकेच्या मर्यादांत राहून, स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. वर्गातल्या प्रत्येकाने खातं उघडून वर्षभरात चार वेळा पैसे भरले आणि दोनदा काढले, तरी स्लिप भरण्याची भीती कायमची जाते. दहावीआधी प्रत्येकाने जातीचा, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला यांना कोणती कागदपत्रं लागतात याची यादी स्वतः करावी. प्रवेशाच्या गर्दीत एक दाखला राहिला म्हणून सवलत हुकणं, हे गरीब घरासाठी मोठं नुकसान असतं.

दहावीपर्यंत एवढं तरी यायला हवं

*विजेचं.* प्लगमधली जाड, लांब पिन अर्थिंगची असते. उपकरणाच्या पत्र्यात वीज उतरली तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी, यासाठी ती असते. ती तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये प्लग बसवू नये. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर गळती होताच वीज तुटते. कोणाला शॉक लागला तर त्याला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करायचा. बिलाचं गणितही सोपं आहे: २०० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर दिवसाला २ युनिट, महिन्याला ६० युनिट.

*उन्हाचं.* नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जुलाब-उलट्यांत किंवा घामाने अंगातलं पाणी कमी झाल्यावर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यायचं. उन्हातून आलेला माणूस बरळत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत नेऊन अंग ओलं करून वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

*साप आणि भाजणं.* साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. चावलेला भाग हलू न देता, माणसाला धीर देत थेट दवाखाना गाठायचा. विषारी सर्पदंशावर प्रतिसर्पविष हाच इलाज आहे. भाजल्यावर वीसेक मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी सोडायचं. टूथपेस्ट, तूप किंवा बर्फ लावायचा नाही.

*पैशांचं.* 'महिना ३ टक्के' ऐकायला कमी वाटतं, पण ते वर्षाला ३६ टक्के होतात. दुसरा सापळा 'फ्लॅट' व्याजाचा. १२,००० रुपये वर्षभरासाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले तर व्याज १,४४० रुपये आणि महिन्याचा हप्ता १,१२० रुपये. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावलेलं असतं. त्यामुळे खरा वार्षिक दर २१ टक्क्यांच्या वर जातो. मोबाइल घेताना हे गणित एकदा वर्गात सोडवलेलं असलं, की हप्त्याच्या जाहिरातीकडे बघण्याची नजर बदलते.

*मोबाइलचं.* यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन फक्त पैसे देताना लागतो. फसवणूक झाली तर लाज वाटून गप्प न बसता ताबडतोब १९३० वर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड. कोणी मोठं माणूस त्रास देत असेल, घाबरवत असेल तर मुलांसाठी १०९८ आहे. कुठल्याही संकटात ११२.

*घरचं.* वरण-भात करता येणं, बटण लावता येणं, स्वतःचे कपडे धुता येणं, आजारी माणसाचा ताप मोजून लिहून ठेवता येणं. हे मुलगा-मुलगी दोघांनाही.

सुरुवात कुठून करायची?

शासनाचा आदेश येईपर्यंत थांबायची गरज नाही. महिन्यातला एक शनिवार, एक कौशल्य आणि ते जाणणारा गावातला एक माणूस, एवढं पुरेसं आहे. जूनमध्ये प्रथमोपचार आणि साप, दिवाळीआधी बाजारखर्चाचा हिशोब, जानेवारीत बँक, मार्चच्या आधी कूलर आणि प्लग, असं गावाच्या ऋतूप्रमाणे वेळापत्रक लावता येतं. बालआनंद मेळावा बहुतेक शाळांत होतोच. त्यात भेळेचा स्टॉल लावणाऱ्या मुलांनी आधी खर्चाचा अंदाज आणि नंतर नफा-तोट्याचा ताळेबंद वर्गात मांडला, तर तोच मेळावा धडा होतो.

मूल्यमापनही साधं असावं. लेखी परीक्षा घेतली की मुलं पुन्हा घोकायला लागतात. 'करून दाखव' एवढीच परीक्षा. जमलं तर खूण, नाही जमलं तर पुढच्या महिन्यात परत. यात नापास कोणी नसतं, शिकायचं बाकी असतं एवढंच.

पालकांनी शाळा समितीच्या बैठकीत निकालाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: या वर्षी मुलांना कोणती पाच कामं एकट्याने करता यायला लागली? वर्षाच्या शेवटी त्या पाच कामांच्या यादीत 'कूलरचा प्लग काढून मगच पाणी भरणं' एवढं एक जरी असलं, तरी एखाद्या घरातला अपघात टळू शकतो.